शिक्षकाचे माप कोणी घ्यायचे?

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यातला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात शिक्षकाच्या पगाराचा आणि तपासणीचा बारकाईने केलेला विचार आहे, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नये, महत्त्वाच्या गावांत १५ ते २० रुपये द्यावेत, असे जोतीरावांनी सुचवले. ज्याची पुष्कळ मुले परीक्षेत उत्तीर्ण होतात त्याला उत्तेजन म्हणून पगाराखेरीज काही विशेष भत्ता मिळावा, असेही ते म्हणाले. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही. शाळेची तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी, आणि अधूनमधून आगाऊ न कळवता व्हावी, ही त्यांची मागणी. याच माणसाने निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजाला लागू करण्याजोगी नाही असे स्पष्ट सांगितले, आणि गावोगावच्या शाळा लोकल फंडाच्या मंडळांकडे सोपवायलाही विरोध केला. त्या मंडळांवर पाटील, इनामदार, सरदार असायचे. शिक्षणाच्या पैशावर डोळसपणे देखरेख ठेवणे त्यांना जमणार नाही, असे जोतीरावांना वाटत होते.

वरवर पाहता ही मते एकमेकांशी भांडतात. निकालावर भत्ता हवा, पण निकालावर अनुदान नको. शाळेवर वारंवार नजर हवी, पण ती गावच्या पुढाऱ्यांच्या हातात नको. नीट पाहिले तर त्यामागे एकच विचार आहे. शिक्षकाचा पोटापाण्याचा पगार, त्याच्या कामावरची नजर आणि चांगल्या कामाचा मोबदला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच हातात दिल्या की तो हात शिक्षकाला वाकवतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भारतात आणि बाहेर शिक्षकांच्या हजेरीवर, पगारावर आणि बक्षिसांवर जे काटेकोर अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष मला याच विचाराला बळ देणारे वाटतात. आज शाळा स्थानिक लोकांच्या ताब्यात असाव्यात असे सगळेच म्हणतात. ताबा म्हणजे नेमका कशाचा ताबा, हे सांगितल्याशिवाय त्या म्हणण्याला अर्थ येत नाही.

महाराष्ट्रात शाळेवरचे स्थानिक नियंत्रण नवे नाही. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या. पुढे १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि १ मे १९६२ पासून खेड्यातली प्राथमिक शाळा ही ‘झेडपीची शाळा’ झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याखाली आणखी एक पायरी घातली, ती शाळा व्यवस्थापन समितीची. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. म्हणजे एका शिक्षकावर आज किती जणांची नजर आहे पाहा. पैसे राज्याच्या तिजोरीतून येतात, नेमणूक जिल्हा परिषदेची, तपासणी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांची, गावातली देखरेख समितीची. खासगी अनुदानित शाळेत नेमणूक संस्थेची आणि पगार सरकारचा. इतके मालक असूनही शिक्षक वर्गात शिकवतो की नाही आणि मुले शिकतात की नाही, याची जबाबदारी यांपैकी कोणीच पुरती घेत नाही.

हे म्हणणे आकड्यांनी तपासता येते. २००३ च्या सुमारास देशभरातल्या सुमारे ३,००० सरकारी प्राथमिक शाळांना अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने न कळवता भेटी दिल्या. चारातला एक शिक्षक शाळेत नव्हता, आणि जेमतेम निम्मे शिक्षक प्रत्यक्ष शिकवताना आढळले. महाराष्ट्राची गैरहजेरी साधारण १५ टक्के, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. झारखंडची ४० टक्क्यांच्या वर. या गैरहजेरीतला काही भाग रजेचा आणि वरून लादलेल्या इतर कामांचा असतो, म्हणून प्रत्येक रिकामी खुर्ची कामचुकारपणाची नव्हे. तरी वारंवार गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाला काढून टाकल्याचे त्या सगळ्या शाळांपैकी फक्त एका मुख्याध्यापकाने सांगितले. अभ्यासाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या आणि त्या दोन्ही लोकप्रिय समजुतींच्या विरुद्ध जातात. जास्त पगार घेणारे शिक्षक जास्त हजर असतात असे दिसले नाही. आणि शिक्षक गावचा असला, गावाशी त्याचे नाते घट्ट असले, म्हणून तो जास्त हजर असतो असेही दिसले नाही. फरक दिसला तो जिथे तपासणी नियमित होती आणि शाळेची इमारत, सोयी बऱ्या होत्या तिथे. जोतीरावांनी मागितलेली न कळवता केलेली तपासणी इथे आकड्यांत उभी आहे.

पगार वाढवला की काम सुधारते, या समजुतीची सर्वांत मोठी परीक्षा इंडोनेशियात झाली. २००५ च्या कायद्यानंतर तिथे प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा मूळ पगार जवळजवळ दुप्पट झाला. संशोधकांनी काही शाळांत ही वाढ आधी मिळेल अशी व्यवस्था करून तुलना केली. शिक्षकांचे समाधान वाढले, पैशाची ओढाताण कमी झाली, जोडधंदे कमी झाले. मुलांच्या शिकण्यात मात्र काहीच फरक पडला नाही. यावरून पगार कमी ठेवावा असा निष्कर्ष काढणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि तो निष्कर्ष मला चुकीचा आणि निष्ठुर वाटतो. चांगला पगार ही शिक्षकाची माणूस म्हणून असलेली मागणी आहे. तो पुढच्या पिढीतली हुशार मुले या पेशाकडे येतील की नाही हेही ठरवतो, आणि असा परिणाम दोन-तीन वर्षांच्या अभ्यासात दिसत नाही. इंडोनेशियाचा धडा इतकाच आहे की पगारवाढ ही मूल्यमापनाची जागा घेऊ शकत नाही.

मग निकालावर पैसे द्यावेत का? इंग्लंडने हे १८६२ मध्ये करून पाहिले. रॉबर्ट लो यांच्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेवर बांधले. कवी आणि शाळा-निरीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांनी त्यावर कडाडून टीका केली, कारण शिकवणे परीक्षेपुरते आक्रसले आणि घोकंपट्टीला बरकत आली. शतक संपता संपता ती पद्धत मोडीत निघाली. मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांनाही याच तत्त्वावर अनुदान मिळे, आणि जोतीरावांचा आक्षेप त्यालाच होता. ज्या वस्तीत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही तिथे निकालावर पोट भरण्यासाठी कोणता शिक्षक शाळा उघडेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात फार मोठी गोष्ट आहे. मुलाचे गुण हे शिक्षकाच्या मेहनतीचे जितके, तितकेच घरातल्या पुस्तकांचे, आईच्या शिक्षणाचे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या सहा महिन्यांच्या स्थलांतराचे असतात. निकालाच्या टक्केवारीवर शिक्षकाला तोलले की बीडच्या तांड्यावरचा शिक्षक पुण्याच्या कोथरूडमधल्या शिक्षकापुढे कायम हरणार, आणि चांगला शिक्षक तांडा सोडून पळणार.

आपल्या राज्याने ही चूक फार जुन्या काळात केलेली नाही. शिक्षकाला १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळते. ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने हा लाभ शाळेच्या श्रेणीशी आणि निकालाशी जोडला गेला. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि पुढे त्या अटी काढाव्या लागल्या. संघटनांच्या आडमुठेपणामुळे चांगली सुधारणा बुडाली असे तेव्हा बरेच जण म्हणाले. मला वाटते, या प्रकरणात संघटना बरोबर होत्या. शाळेची श्रेणी इमारतीवर, कागदपत्रांवर, मुलांच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून असते. एका शिक्षकाने एका वर्षात किती मजल मारली हे त्यातून कळत नाही. संघटना चुकतात त्या पुढच्या पायरीवर, जेव्हा त्या या चुकीच्या मापाचा आधार घेऊन कोणतेच माप नको म्हणतात.

कारण योग्य माप अस्तित्वात आहे, आणि ते आपल्या शेजारच्या राज्यात वापरून पाहिले गेले. २००५ पासून तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, राज्य सरकारच्या संमतीने आणि अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने, ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तो आखला. शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या. वर्षाच्या सुरुवातीला मुले कुठे होती आणि शेवटी कुठे पोचली, यातली वाढ मोजली. ती सरासरी ५ टक्क्यांच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये. काही शाळांत बक्षीस एकेका शिक्षकाला, काहींत सगळ्या शाळेला मिळून. बक्षिसाची सरासरी रक्कम वार्षिक पगाराच्या अवघी ३ टक्के. दोन वर्षांनी या शाळांतली मुले गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या स्पष्टपणे पुढे होती. ज्या विज्ञान आणि समाजशास्त्रावर बक्षीस नव्हते त्यातही पुढे होती. पाच वर्षांनंतर मात्र एकेकट्याला दिलेल्या बक्षिसाचा परिणाम टिकला, शाळेला मिळून दिलेल्याचा विरला. शिक्षकांची हजेरी वाढली नव्हती. जे हजर होते त्यांनी जास्त सराव घेतला, जास्त गृहपाठ दिला, शाळेच्या वेळेबाहेर मुलांना बसवून शिकवले.

या प्रयोगातली दोन वैशिष्ट्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. एक, वाढ मोजली, पातळी नव्हे. त्यामुळे तांड्यावरच्या शिक्षकालाही तितकीच संधी. दोन, परीक्षा बाहेरच्या माणसांनी घेतली आणि पगाराला कोणी हात लावला नाही. हरण्याची भीती नव्हती, मिळवण्याची शक्यता होती. यापैकी काही वगळले की काय होते, तेही दिसले आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात शाळांवर गुणवाढीचे दडपण इतके टाकले गेले की शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका स्वतः दुरुस्त केल्या. २०११ च्या चौकशी अहवालात १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावे आली, आणि पुढे काहींना फौजदारी शिक्षा झाली. नॅशव्हिल शहरात मिडल स्कूलमधल्या गणित शिक्षकांना तीन वर्षे १५,००० डॉलरपर्यंत बक्षीस देऊ केले, तरी एकंदरीत गुणांत फरक पडला नाही. केनियातल्या एका प्रयोगात शिक्षकांनी परीक्षेपुरती तयारी करून घेतली. बक्षिसे संपल्यावर वाढही विरली. म्हणून पैशाच्या बक्षिसावर माझा भरवसा मर्यादित आहे. ते लहान असावे, वाढीवर असावे, आणि त्याच्या अटी शिक्षकाला वर्षाच्या पहिल्या दिवशी ठाऊक असाव्यात. याहून जास्त ओझे ते पेलू शकत नाही.

इथे स्थानिक नियंत्रणाचे समर्थक म्हणतील, की बाहेरचे परीक्षक आणि बाहेरची सूत्रे कशाला. गावाला आपला शिक्षक चांगला की वाईट हे रोज दिसते. हे अर्धे खरे आहे. शिक्षक वेळेवर येतो का, मुलांना मारतो का, मुलींशी नीट बोलतो का, शाळेत बसून खासगी शिकवणीची गिऱ्हाइके जमवतो का, हे गावाला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळते. पण समिती कागदावर असली की ती नजरही मिटते. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात ग्रामशिक्षण समितीच्या सुमारे एक-चतुर्थांश सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते, आणि पालकांना तर समितीचा पत्ताच नव्हता. त्यांना माहिती दिली, सभा घेतल्या. शाळेत काही बदलले नाही. केनियात गावच्या समितीला कंत्राटी शिक्षक नेमण्याचा अधिकार दिला तेव्हा बऱ्याच ठिकाणी आधीच्या शिक्षकांचे नातेवाईक नेमले गेले. समितीतल्या पालकांना काय पाहायचे, शिक्षकाचा आढावा कसा घ्यायचा याचे प्रशिक्षण दिल्यावर हे कमी झाले आणि मुलांचे गुणही सुधारले. पालक अडाणी आहेत म्हणून त्यांना विचारू नये, असा यातून अर्थ निघत नाही. त्यांना नेमके काय विचारायचे हे ठरवले पाहिजे, आणि ते विचारण्यासाठी तयार केले पाहिजे.

जो हात रोज भेटतो तो हात मऊ पडतो, हीसुद्धा स्थानिक देखरेखीची अडचण आहे. राजस्थानात उदयपूरजवळ सेवा मंदिर या संस्थेने एकशिक्षकी अनौपचारिक शाळांत तारीख-वेळ छापणारे कॅमेरे दिले आणि पगार हजर दिवसांवर बांधला. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचे गुण वाढले. त्याच भागात सरकारी उपकेंद्रांतल्या नर्सेससाठी अशीच वेळ नोंदवणारी यंत्रे आली. सुरुवातीला उत्तम परिणाम दिसला. मग स्थानिक आरोग्य अधिकारी नर्सेसना सवलतीचे दिवस मंजूर करत गेले, आणि दीड वर्षात फरक पुसला गेला. दोन्हीकडे हजेरी यंत्राने नोंदवली जात होती; मोठा फरक होता तो सूट देण्याचा अधिकार कोणाकडे होता याचा. आपल्याकडे २०१७ मध्ये जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर नेल्या गेल्या त्याचे कारणही असेच होते. बदली हे शिक्षकाला बक्षीस किंवा शिक्षा देण्याचे स्थानिक हत्यार झाले होते, आणि ते वर्गातल्या कामावर चालत नव्हते.

खासगी संस्थांच्या बाबतीत आपण हा धडा फार आधी शिकलो. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने संस्थाचालकांच्या मर्जीला लगाम घातला. काढून टाकलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता आली. त्यासोबत आलेला वार्षिक गोपनीय अहवाल मात्र मूल्यमापन म्हणून कधी उभाच राहिला नाही. गोपनीय असलेल्या गोष्टीतून शिक्षक सुधारणार कसा? देवदत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद, चांगलीसुद्धा, त्याला कळवली पाहिजे, कारण बढतीच्या वेळी नुसता ‘चांगला’ हा शेरासुद्धा त्याला मागे ठेवू शकतो. न्याय्य मूल्यमापनाची पहिली कसोटी मी हीच मानतो: शिक्षकाला शेरा दिसला पाहिजे आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे.

शिकवण्याची पारख करायची तर ती शिकवणे जाणणाऱ्यानेच करावी, आणि तो त्या शाळेचा मालक, चालक किंवा पुढारी नसावा. आपल्याकडे यासाठी जागा तयार आहे: केंद्रप्रमुख, ज्याच्याकडे आसपासच्या काही शाळा असतात. दुर्दैवाने या पदांपैकी कितीतरी वर्षानुवर्षे रिकामी राहतात, आणि जे आहेत त्यांचा दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बढती आणि पगारवाढ गुणवत्तेवर, सहकाऱ्यांच्या आढाव्यासह अनेक निकषांवर ठरवण्याची भाषा केली आहे. केंद्रप्रमुख आणि दुसऱ्या केंद्रातला एक अनुभवी शिक्षक यांनी वर्षातून तीन-चार वेळा, न कळवता, पूर्ण तास वर्गात बसावे आणि त्याच दिवशी शिक्षकाशी बोलून लेखी नोंद त्याच्या हाती द्यावी, इतके केले तरी ती भाषा जमिनीवर येईल. त्यात खर्च आहे. शिक्षकांना निवडणूक, जनगणना आणि आपत्तीपलीकडची अशैक्षणिक कामे देऊ नयेत हा शिक्षण हक्क कायद्याचा नियम पाळला तर वाचलेल्या वेळातून तो बराचसा भरून निघू शकतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा आहे. अनुदानाचा २० टक्के, ४० टक्के टप्पा कधी मिळेल याची वाट पाहत वर्षे काढणारा, आझाद मैदानावर उपोषणाला बसणारा शिक्षक विचारतो: आमच्या पगाराचाच पत्ता नाही, तर मूल्यमापन कशाचे करता? शिक्षणसेवकाची गोष्ट फार वेगळी नाही. २००० मध्ये दरमहा ३,००० रुपयांवर सुरू झालेली ही तीन वर्षांची उमेदवारी. प्राथमिक सेवकाचे मानधन वाढत वाढत ६,००० वर अडकून राहिले आणि २०२३ मध्ये १६,००० झाले. कंत्राटी शिक्षक नियमित शिक्षकाइतकेच शिकवतो, मग त्याला पाचपट कमी पगार का नको, असा युक्तिवाद आंध्रात कंत्राटी शिक्षकांवर झालेल्या अभ्यासाच्या आधारे केला जातो. तो शिक्षक कायम होण्याच्या आशेवर मेहनत करत असतो हे त्यात सोयीस्कर विसरले जाते, आणि माणसाच्या आशेवर पगार वाचवणे हे कोणत्याही न्यायात बसत नाही. या आक्षेपाला माझे उत्तर क्रमाचे आहे. मूळ पगार आधी, पूर्ण, राज्याने, वेळेवर, आणि तो कोणत्याही निकालाशी किंवा कोणाच्या शेऱ्याशी बांधलेला नको; जोतीरावांनी १२ रुपयांची किमान मर्यादा म्हणूनच मागितली होती. तो मिळू लागल्यावर वर्गात कोणी येऊन बसणार याला शिक्षकाने नकार देण्याचे कारण उरत नाही. विनाअनुदानित शाळांत तोवर करता येण्यासारखी गोष्ट एकच आहे: संस्था शिक्षकाच्या खात्यावर खरोखर किती पैसे जमा करते हे दर महिन्याला पालकांपुढे मांडणे. फी भरणाऱ्या पालकांना तो आकडा मागण्याचा हक्क कायद्याने द्यायला हवा.